कमावत्या विद्यार्थ्याची उसंत

नोकरी सांभाळून पदवी मिळविणाऱ्याचे कौतुक समाज निकालाच्या दिवशी करतो. त्याआधीच्या वर्षांची दखल मात्र क्वचितच घेतली जाते. वास्तविक ही परंपरा महाराष्ट्राला नवी नाही. कर्मवीर भाऊराव पाटलांनी ‘कमवा आणि शिका’ हा मंत्र दिला. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पुढाकाराने १९४६ साली मुंबईत सुरू झालेल्या सिद्धार्थ महाविद्यालयाने सकाळचे वर्ग भरवून नोकरदारांना उच्च शिक्षणाचे दार उघडून दिले. १९८९ साली नाशिकला मुक्त विद्यापीठ स्थापन झाले. मान्यताप्राप्त दूरस्थ पदवी नियमित पदवीच्या तोडीची आहे, हे विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२२ मध्ये स्पष्ट केले.

दार उघडले, पण वेळेचे काय? पाळीची नोकरी, लोकलचा प्रवास, रविवारचे संपर्कसत्र आणि ऐन कामाच्या दिवशी येणारी परीक्षा यांत कमी पडते ती उसंत. विद्यापीठांनी वेळापत्रक पुरेसे आधी जाहीर करावे; मालकांनी परीक्षेपुरती रजा नाकारू नये. शिकणाऱ्या सुनेच्या वाट्याची कामे घरातल्यांनी वाटून घ्यावीत आणि वस्तीतील अभ्यासिका रात्री उशिरापर्यंत उघडी राहावी. यांतील शेवटच्या दोन कामांना तरी शासननिर्णयाची वाट पाहावी लागत नाही. एक खोली आणि दोन कार्यकर्ते, एवढ्यावर अशी अभ्यासिका उभी राहू शकते.