आयटीतला तरुण नागरिक कधी होणार?

गेल्या पंचवीस-तीस वर्षांत आपल्या वस्त्यांमधून एक नवा वर्ग उभा राहिला आहे. ज्यांचे आजोबा गिरणीत, रेल्वेत किंवा म्युनिसिपालिटीच्या सफाई खात्यात होते आणि वडील बँकेत, पोस्टात किंवा शाळेत लागले, ती मुले-मुली आज हिंजवडी, खराडी, ऐरोली, बेंगळुरू, हैदराबाद येथील माहिती तंत्रज्ञान कंपन्यांत काम करतात. शिष्यवृत्ती, वसतिगृह आणि शिक्षणातील आरक्षण यांच्या बळावर ती शिकली. नोकरी मात्र त्यांनी खाजगी क्षेत्रात, जेथे आरक्षण नाही तेथे, स्वतःच्या गुणवत्तेवर मिळवली. याचा आपल्याला अभिमान आहे आणि असायलाच हवा.

परंतु चळवळीच्या कोणत्याही बैठकीत या वर्गाचा विषय निघाला की एकच तक्रार ऐकू येते. ही मुले जयंतीची पावती फाडतात, पण स्वतः येत नाहीत. वॉर्डातल्या प्रश्नावर बोलत नाहीत, सभेला दिसत नाहीत, अनेकांचे मतदार यादीतले नावसुद्धा अजून गावीच असते. ही तक्रार खोटी नाही. पण ती अर्धी आहे. जो तरुण सकाळी आठला कंपनीच्या बसमध्ये बसतो, रात्री नऊनंतर अमेरिकेतल्या ग्राहकाशी फोनवर बोलतो आणि शनिवारीही लॅपटॉप उघडून ठेवतो, त्याच्या दिवसात नागरिक होण्यासाठी किती वेळ उरतो, हा प्रश्न आपण कधी विचारला आहे काय?

वेळ नसलेला माणूस मतदार होऊ शकतो, देणगीदार होऊ शकतो. नागरिक होऊ शकत नाही. आणि वेळ कुणी दयेने देत नसतो. तो कायद्याने आणि संघटनेने मिळवावा लागतो.

बाबासाहेबांनी ही गोष्ट फार आधी ओळखली होती. १९४२ ते १९४६ या काळात ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते. १९४६ च्या कारखाना दुरुस्ती कायद्याने बारमाही कारखान्यांतील कामाचा आठवडा ५४ तासांवरून ४८ तासांवर आला. कामगार संघटनांना मान्यता देणे मालकांवर बंधनकारक व्हावे यासाठी १९४३ मध्ये त्यांनीच विधेयक मांडले. त्याच १९४३ साली दिल्लीत कामगार कार्यकर्त्यांच्या अभ्यास शिबिरात त्यांनी जे भाषण केले, ते आजच्या संगणक अभियंत्याने मुद्दाम काढून वाचावे. कामगाराने केवळ पगारवाढीपुरती संघटना करून थांबू नये, राज्यकारभाराचा अभ्यास करावा, सत्ता कोणाच्या हाती आहे हे पाहावे आणि ती आपल्या हाती घेण्याचे ध्येय ठेवावे, असा त्या भाषणाचा आशय आहे. म्हणजे कामाचे तास कमी होणे ही बाबासाहेबांच्या दृष्टीने नुसत्या विश्रांतीची बाब नव्हती. उरलेल्या तासांत कामगाराने वाचावे, संघटित व्हावे आणि राज्यकर्ता वर्ग बनावे, हा त्यामागचा हेतू होता.

आज चक्र उलट फिरवले जात आहे. ऑक्टोबर २०२३ मध्ये इन्फोसिसचे संस्थापक नारायण मूर्ती यांनी तरुणांनी आठवड्याला ७० तास काम करावे, असे सांगितले. जानेवारी २०२५ मध्ये लार्सन अँड टुब्रोच्या अध्यक्षांचे ९० तासांचे वक्तव्य गाजले. साधा हिशेब करू. आठवड्याचे सहा दिवस धरले तर ७० तास म्हणजे रोजचे जवळजवळ पावणेबारा तास. त्यात हिंजवडीच्या वाहतूक कोंडीतले दोन तास मिळवा, जेवण आणि झोप मिळवा. मुलांचा अभ्यास घ्यायला, आईवडिलांना दवाखान्यात न्यायला, ग्रंथालयात जायला, वस्तीच्या बैठकीला बसायला काय शिल्लक राहते? नोकरी करणाऱ्या आपल्या भगिनींचे तर विचारूच नका. कंपनीची पाळी संपली की घरची पाळी सुरू होते. राष्ट्रउभारणीच्या नावाखाली नागरिकाचा सारा वेळ कंपनीच्या खात्यात जमा करायचा, याला राष्ट्रउभारणी म्हणत नाहीत.

हे केवळ भाषणांपुरते राहिलेले नाही. २०२४ मध्ये कर्नाटकात आयटी कर्मचाऱ्यांचा कामाचा दिवस जादा तास धरून १४ तासांपर्यंत नेण्याचा प्रस्ताव पुढे आला. सप्टेंबर २०२५ मध्ये महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने दुकाने व आस्थापनांतील कामाचे तास नऊवरून दहा करण्यास आणि कारखान्यांतील तास नऊवरून बारापर्यंत नेण्यास मान्यता दिली. कर्नाटकातील प्रस्तावाला तेथील आयटी कर्मचाऱ्यांच्या संघटनेने, केआयटीयूने, रस्त्यावर उतरून विरोध केला. आपल्याकडे किती अभियंत्यांना हा निर्णय झाल्याचे माहीत आहे? आणि ज्यांना माहीत आहे, त्यांपैकी किती जणांनी आपल्या आमदाराला एक पत्र लिहिले?

येथे एक मोठा भ्रम आडवा येतो. "मी कामगार नाही, प्रोफेशनल आहे," असे आमचा तरुण अभिमानाने सांगतो. हा अभिमान कंपनीला फार सोयीचा आहे. वकील म्हणून माझ्याकडे सल्ल्याला येणाऱ्या अभियंत्यांत असे अनेक असतात, ज्यांच्याकडून एका दिवसात राजीनामा लिहून घेतलेला असतो. कायदा आपल्याला लागूच नाही, अशी त्यांची पक्की समजूत असते. वस्तुस्थिती वेगळी आहे. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात 'कामगार' या व्याख्येत तांत्रिक काम करणाऱ्याचा समावेश होता. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेतही तो आहे. पगाराची मर्यादा आहे ती देखरेखीचे काम करणाऱ्यांसाठी. त्यांचे वेतन दरमहा १८ हजार रुपयांहून अधिक असेल तर ते व्याख्येबाहेर जातात. जो स्वतः प्रोग्रॅम लिहितो, तपासतो, दुरुस्त करतो आणि ज्याच्या हाताखाली कुणी नाही, त्याचा पगार मोठा आहे एवढ्याच कारणाने तो व्याख्येबाहेर जात नाही. व्हिजिटिंग कार्डावर 'मॅनेजर' छापले म्हणून माणूस व्यवस्थापक होत नाही. प्रत्यक्षात काम कोणते करतो हे न्यायालय पाहते. तामिळनाडू सरकारने तर २०१६ मध्येच स्पष्ट केले होते की आयटी कर्मचाऱ्यांना संघटना स्थापन करण्यास कायद्याची आडकाठी नाही. आणि संविधानाच्या अनुच्छेद १९(१)(ग) ने संघटना स्थापन करण्याचा जो अधिकार दिला, त्याला पगाराची अट कुठे आहे?

आता वॉर्डाकडे वळू. हिंजवडीचे राजीव गांधी इन्फोटेक पार्क एमआयडीसीने मुळशी तालुक्यातील गावांच्या शिवारात उभारले. तेथे पाऊस पडला की रस्त्याची नदी होते आणि अभियंता मोबाइलवर संताप व्यक्त करतो. पण तो रस्ता एमआयडीसीचा की ग्रामपंचायतीचा, नाला पीएमआरडीएचा की महापालिकेचा, हे विचारणारा अर्ज किती जण करतात? माहितीच्या अधिकाराचा अर्ज दहा रुपयांत होतो आणि साधारणपणे तीस दिवसांत उत्तर देणे बंधनकारक आहे. पुण्याच्या महापालिकेची मुदत २०२२ मध्ये संपली आणि मतदान झाले थेट जानेवारी २०२६ मध्ये. जवळजवळ चार वर्षे एवढ्या मोठ्या शहराला निवडून आलेला नगरसेवक नव्हता. कराचा पैसा प्रशासक खर्च करीत होते. या काळात आयटीतल्या लाखो सुशिक्षितांनी एकत्र येऊन 'आमची निवडणूक कुठे आहे' असे विचारले असते, तर सरकारला ते टाळणे जड गेले असते.

मतदानाच्या बाबतीतही तेच. लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १३५-ब नुसार लोकसभा व विधानसभा मतदानाच्या दिवशी खाजगी आस्थापनेतील मतदार कर्मचाऱ्यालाही पगारी सुट्टीचा हक्क आहे. ती न देणाऱ्या मालकाला दंड किती, तर पाचशे रुपयांपर्यंत! एवढ्याशा दंडाला कोणती कंपनी भिणार? म्हणून हा हक्क कर्मचाऱ्यांनी एकजुटीने मागितला तरच मिळतो. एकटादुकटा मागायला गेला की त्याचे नाव अप्रेझलच्या वेळी लक्षात ठेवले जाते.

आपल्या तरुणाला एकटेपणाचा आणखी एक पदर आहे, तो म्हणजे जात. आडनाव विचारणे, गाव विचारणे, आरक्षणावर विनोद करणे हे वातानुकूलित कार्यालयातही सुटलेले नाही. म्हणून अनेक जण ओळख झाकून राहतात. सार्वजनिक कामात उतरले, जयंतीचा फोटो दिसला, तर ओळख उघडी पडेल ही धास्ती असते. ही धास्ती काल्पनिक नाही. जून २०२० मध्ये कॅलिफोर्नियाच्या शासकीय विभागाने सिस्को कंपनीविरुद्ध, एका दलित अभियंत्याशी वरिष्ठांनी जातीवरून भेदभाव केल्याच्या आरोपावरून, दावा दाखल केला. कंपनीने आरोप नाकारले. २०२३ मध्ये दोन वरिष्ठांविरुद्धचा दावा मागे घेण्यात आला, कंपनीविरुद्धचा मात्र तेव्हा कायम राहिला. एप्रिल २०२२ मध्ये गूगलमध्ये थेनमोळी सौंदरराजन यांचे जातीविषयीचे व्याख्यान रद्द झाले. ते आयोजित करणाऱ्या तनुजा गुप्ता यांनी पुढे नोकरीचा राजीनामा दिला.

पण याच अमेरिकेत दुसरेही घडले. पुण्यात जन्मलेल्या, मुंबईत वाढलेल्या आणि मुंबई विद्यापीठातून संगणकशास्त्र शिकलेल्या क्षमा सावंत यांनी काही काळ सॉफ्टवेअर अभियंता म्हणून काम केले. पुढे तो व्यवसाय सोडून त्या अर्थशास्त्राकडे वळल्या आणि २०१३ मध्ये सिएटल शहराच्या कौन्सिलवर निवडून आल्या. तासाला १५ डॉलर किमान वेतनाच्या लढ्यात त्या आघाडीवर होत्या आणि २०१४ मध्ये सिएटलने तो निर्णय टप्प्याटप्प्याने लागू करण्याचे ठरविले. २१ फेब्रुवारी २०२३ रोजी त्यांच्याच प्रस्तावावर सिएटलने जातिभेदावर कायद्याने बंदी घातली. असे करणारे ते अमेरिकेतील पहिले शहर. त्या ब्राह्मण कुटुंबात जन्मल्या हे त्या स्वतः सांगतात, आणि त्यांचे मार्क्सवादी राजकारण आपल्याला सर्वस्वी मान्य आहे असेही नाही. मुद्दा वेगळा आहे. त्या प्रस्तावामागे तेथील आंबेडकरी संघटना आणि नोकरी करणारे दलित कर्मचारी उभे होते. त्यांनी कौन्सिलसमोर साक्षी दिल्या. जो भेदभाव कंपनीच्या एचआर विभागाला दिसत नव्हता, तो शहराच्या कायद्याच्या पुस्तकात आला. कंपनीत एकटा पडलेला माणूस नागरिक म्हणून उभा राहिला, तेव्हा त्याला बळ मिळाले.

तेव्हा करायचे काय? प्रथम चळवळीने आपले वागणे तपासावे. या मुलांना आपण फक्त देणगीच्या वेळी हाक मारतो आणि मंचावर मागच्या रांगेत बसवतो. त्यांच्याकडे पैशापेक्षा मोलाचे काही आहे. मतदार यादीतून वगळलेली नावे शोधणे, महापालिकेचे अंदाजपत्रक वाचून आपल्या वस्तीच्या वाट्याला काय आले हे काढणे, महाडीबीटीवर अडकलेल्या शिष्यवृत्तीच्या अर्जांचा पाठपुरावा करणे, ही कामे ते आठवड्याला दोन तासांत करू शकतात. त्यांना ती सोपवा. बैठक रात्री उशिरा ठेवून कुणी येत नाही म्हणून रडू नका; बहिणींनाही येता येईल अशी वेळ ठरवा.

आणि आयटीतल्या बंधू-भगिनींनो, तुम्हाला सांगणे एवढेच. नियुक्तिपत्र काढून त्यातले कामाचे तास वाचा. जादा केलेल्या कामाची तारीखवार नोंद स्वतःजवळ ठेवा. कुणी राजीनामा मागितला तर त्याच क्षणी सही करू नका, आधी सल्ला घ्या. राहता तेथे मतदार यादीत नाव नोंदवा. तुमच्या क्षेत्रात संघटना असेल तर तिचे सभासद व्हा. नसेल तर सात जण एकत्र या, नोंदणीच्या अर्जाची सुरुवात तेवढ्यावर होते. मोठ्या पगाराने घराचा हप्ता फिटतो. पण त्या घराबाहेरचा रस्ता, मुलाची शाळा, तुमच्या कामाचे तास आणि तुमची प्रतिष्ठा यांचे निर्णय ज्या सभागृहात होतात, तेथे पगाराची चिठ्ठी चालत नाही. तेथे संख्या आणि आवाज लागतो.

आपल्या आजोबांनी गिरणीच्या भोंग्यानंतरच्या वेळेत चळवळ उभी केली, कारण भोंगा वाजला की दिवस त्यांचा होत असे. तुमच्या कंपनीत भोंगा वाजत नाही. तो वाजवणे आता तुमच्याच हाती आहे.