‘पिशवी’ काढण्याआधी दुखणं तर ओळखा!

परवा बचत गटाच्या बैठकीत एक नवी सून पोट धरून बसली होती. विचारलं तर तिची जाऊच बोलली, "काही नाही ताई, पाळी आलीय. तिचं दर महिन्याला असंच असतं." लग्नाला चार वर्षं झाली, पदरात मूल नाही. सासूने नवस केले, उपास केले. पण या दुखण्याचा आणि मूल नसण्याचा काही संबंध असेल, हे कुणाच्या ध्यानातच आलं नाही.

मैत्रिणींनो, मी काही डॉक्टर नाही. समजून घेतलं ते सांगते. गर्भाशयाच्या आतल्या अस्तरासारखं अस्तर काही जणींच्या पोटात बाहेरही वाढतं, बीजकोशावर, नळ्यांभोवती. याला एन्डोमेट्रिऑसिस म्हणतात. पाळीत तिथेही रक्तस्राव होतो, पण त्या रक्ताला बाहेर पडायला वाट नसते. मग आत सूज येते, दाह होतो. साचलेल्या रक्तातल्या लोहामुळे घातक कण तयार होतात. विळ्याला गंज चढावा, तसा पेशींवर मारा होतो. डॉक्टर याला ऑक्सिडेटिव्ह ताण म्हणतात. त्याने स्त्रीबीजाचं नुकसान होऊ शकतं. सुजेमुळे आतले अवयव एकमेकांना चिकटतात, नळ्या वाकतात. म्हणून दिवस राहणं अवघड होतं. अवघड, अशक्य नव्हे! जागतिक आरोग्य संघटनेच्या मते जगात मूल होण्याच्या वयातल्या सुमारे १० टक्के बायकांना हा आजार असतो.

आता आपल्या बीडचं बघा. २०१९ साली डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील समितीने जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड महिलांची पाहणी केली. त्यातल्या १३,८६१ जणींची गर्भाशयं काढलेली होती. म्हणजे दर सहा जणींमागे एक! सगळ्यांना हाच आजार होता, असं मी म्हणत नाही. पण पोट दुखतंय, अंगावरून जातंय, एक दिवस बुडाला तर खाडा पडतो, मुकादमाची उचल फिटायची आहे. त्यात कुणी कॅन्सरची भीती घातली, की बाई म्हणते, "काढून टाका एकदाची पिशवी!" नेमकं काय दुखतंय, ते कुणी शोधायचं? पिशवी काढली की मूल होण्याची वाट कायमची बंद. आणि हा आजार तर पिशवीच्या बाहेर असतो. ती काढूनही दुखणं मागे राहू शकतं.

म्हणून सांगते, पाळीत उठवत नसेल, शाळा-काम बुडत असेल, संबंधाच्या वेळी किंवा शौचाला दुखत असेल, वर्षभर प्रयत्न करूनही दिवस राहत नसतील, तर स्त्रीरोगतज्ज्ञाला दाखवा. बीडला जिल्हा रुग्णालय आहे, अंबाजोगाईला सरकारी वैद्यकीय महाविद्यालय आहे. सगळं मोकळेपणाने सांगा. सोनोग्राफी चांगली आली म्हणून आजार नाहीच, असं नसतं. कधी दुर्बिणीतून तपासावं लागतं. नवऱ्याचीही तपासणी करून घ्या, दोष एकट्या बाईचा नसतो. ‘ताकदीच्या’ गोळ्या-पावडरींनी मूल होतं, असं अजून सिद्ध झालेलं नाही, त्यात पैसे घालवू नका. आणि कुणी पिशवी काढायला सांगितलं, तर दुसऱ्या डॉक्टरला विचारल्याशिवाय होकार देऊ नका.

त्या सुनेला आम्ही दवाखान्यात नेलं. सासूबाईही सोबत आल्या. बाहेर बाकावर बसल्या आणि हळूच म्हणाल्या, "ताई, माझंबी असंच दुखायचं हो. मला वाटलं, बाईच्या जातीला हे असायचंच."

निदान आपल्या लेकीसुनांना तरी असं वाटू देऊ नका.