चार पानांचा लेख

आमच्या इंदुरीतल्या एका कामगाराची मुलगी वनस्पतिशास्त्रात पीएच.डी. करते आहे. घरात कॉलेजची पायरी चढलेली ती पहिलीच. परवा संध्याकाळी आली आणि उभ्या उभ्याच म्हणाली, "काका, मी हे सोडते आणि कंपनीत लागते. दोन वर्षं झाली माझा लेख छापून, अजून एकही सायटेशन नाही. मुलाखतीत पहिलं तेच विचारतात."

वाचक बंधू-भगिनींनो, सायटेशन म्हणजे उल्लेख. एका संशोधकाने दुसऱ्याच्या लेखाचा आधार घेतला की त्याचे नाव नमूद करायचे. अमेरिकेत युजीन गारफिल्ड यांनी १९६४ साली विज्ञानातल्या अशा उल्लेखांची सूची काढली. २००५ साली हिर्श यांनी 'एच-इंडेक्स' आणला. दहा लेखांना प्रत्येकी किमान दहा उल्लेख असले, की आकडा दहा. मी कारकून माणूस, नोंदवहीला नावे ठेवणार नाही. पण आवक-जावक वहीत पत्रे किती आली ते कळते, पत्रात काय होते ते कळत नाही.

मी तिला विचारले, "तू पिकाच्या जनुकांचा नकाशा करतेस, त्यात कोसंबी नावाचं सूत्र असतं ना?"

"हो काका, रोज वापरते. पण तो माणूस आपल्या पुण्याचा?"

पुण्याचाच! दामोदर धर्मानंद कोसंबी. जन्म गोव्यात १९०७ साली, शिक्षण हार्वर्डला, मग फर्ग्युसन कॉलेजात गणिताचे प्राध्यापक. एकाच गुणसूत्रावरची दोन जनुके पुढच्या पिढीत किती वेळा वेगळी होतात, यावरून त्यांच्यातले अंतर काढतात. अंतर जास्त असेल तर दोनदा अदलाबदल होऊन ती पुन्हा एकत्र येतात आणि मोजणी कमी भरते. ही तूट भरून काढणारे सूत्र त्यांनी १९४४ साली दिले. लेख अवघा चार पानांचा. ऐंशी वर्षे उलटली, तरी जगभरचे पीक-संशोधक ते वापरतात. कित्येक जण मूळ लेखाचा उल्लेखही करीत नाहीत, कारण सूत्रालाच त्यांचे नाव पडले आहे. मग मोजणार काय?

उलट १९४३ साली त्यांनी मांडलेला संख्याशास्त्रातला एक सिद्धान्त बहुतेक पुस्तकांत कार्हुनेन आणि लोएव्ह या परदेशी गणितज्ञांच्याच नावावर आहे.

हाच माणूस जुनी नाणी तराजूत तोलून, ती किती झिजली यावरून त्यांचा काळ ठरवीत असे. विद्याकर या बौद्ध पंडिताचा सुभाषितसंग्रह त्यांनी वा. वि. गोखल्यांसोबत १९५७ साली संपादित केला. डेक्कन क्वीनने मुंबईच्या टाटा संशोधन संस्थेत जात आणि सुट्टीत आपल्या मावळात पायी हिंडत. कार्ल्याच्या लेण्यांतले शिलालेख त्यांनी बारकाईने वाचले. तिथे दरवाजा घडवणाऱ्या सामी नावाच्या सुताराचे नाव दगडात कोरलेले आहे. दोन हजार वर्षांपूर्वीच्या कष्टकऱ्याचा तो उल्लेखच नव्हे काय?

त्यांचे सगळेच बरोबर होते असे नाही. रीमानच्या गाजलेल्या कोड्याबद्दलचा त्यांचा दावा टिकला नाही. १९६२ साली संस्थेने त्यांची नेमणूक पुढे वाढवली नाही. १९६६ साली ते गेले.

त्यांचे वडील धर्मानंद हे पालीचे मोठे पंडित. परळच्या कामगार वस्तीत त्यांनी बहुजन विहार उभा केला. 'विसुद्धिमग्ग' या ग्रंथावर त्यांनी हार्वर्डला अनेक वर्षे घालवली. ते १९४७ साली गेले आणि ग्रंथ तिथून छापून आला १९५० साली. तिथून छापून आलेला ग्रंथ त्यांनी पाहिलाच नाही.

मुलीला मी एवढेच म्हणालो, "आकडा विचारतात, तर अर्जात तोही लिही. त्यात लाज नाही. पण दोन वर्षांत कुणी बोललं नाही म्हणून काम खोटं ठरत नाही."

तिचा बाप दारात उभा होता. त्याने विचारले, "दादा, अजून किती वर्षं?" या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हते. घरभाडे आणि धाकट्याची फी उल्लेखांवर भागत नाही. म्हणून समाजबांधवांना विनंती आहे. तुमच्या वस्तीत असे एखादे लेकरू असेल, तर त्याला "कधी संपणार?" असे विचारण्याआधी "काय शोधतोस?" असे विचारा. आणि जमेल तर वर्षभराच्या प्रवासखर्चाचा भार चार घरांनी उचला.

येत्या रविवारी तळेगावहून लोकलने मळवलीला उतरून आम्ही तिघे कार्ल्याला जाणार आहोत. त्या सुताराचे नाव तिला दाखवायचे आहे.