भोरड्यांची खातेवही

परभणी जिल्ह्यातील चुडावा हे पूर्णा–नांदेड लोहमार्गावरील गाव. या परिसरात रब्बीची ज्वारी हुरड्यात आली की शेतकऱ्याला एका पाहुण्याची धास्ती वाटू लागते. तो पाहुणा म्हणजे भोरडी. डोके, पंख व शेपूट काळी, अंग फिकट गुलाबी. मैनेच्याच कुळातील हे पक्षी शेकडोंच्या, कधी हजारोंच्या थव्याने उतरतात आणि कणसे रिकामी करतात. माळा, गोफण आणि राखणदाराची आरोळी ही ज्वारीच्या शेताची जुनी ओळख त्यांच्यामुळेच. हे नुकसान खरे आहे.

परंतु एकच बाजू वाचून ताळेबंद मांडता येत नाही. ज्वारी निघण्याच्या सुमारास माळरानावर पळस फुलतो आणि काल दाणे टिपणारी भोरडी फुलांत चोच घालून मध पिऊ लागते. ‘पळसमैना’ हे तिचे दुसरे नाव या सवयीला साजेसेच आहे. तिच्या कपाळाला चिकटलेले परागकण पुढच्या फुलावर पोहोचतात. पळस, पांगारा, काटेसावर यांना फळधारणेसाठी अशा पक्ष्यांचे साहाय्य होते. वड-पिंपळाची फळे खाऊन ती त्यांच्या बियाही दूरवर नेते.

एप्रिलच्या सुमारास हे थवे मध्य आशिया व पूर्व युरोपाकडे परततात. तेथे त्यांच्या पिलांचे पोषण प्रामुख्याने टोळ व नाकतोडे यांवर होते. चीनच्या शिनजियांग प्रांतात १९८०च्या दशकापासून टोळांच्या बंदोबस्तासाठी त्यांना कृत्रिम घरटी बांधून दिली गेली. येथे ज्याला गोफणीने हाकलतात, त्याच पक्ष्याला तेथे घर बांधून बोलावतात! डॉ. सलीम अली यांनीही या पक्ष्याचे नुकसान व उपकार दोन्ही नोंदवले आहेत.

मात्र या हिशेबात एक विषमता आहे. तोटा एकट्या शेतकऱ्याच्या नावे पडतो. लाभ अनेकांच्या खात्यांत विभागून जमा होतो. त्यातच ज्वारीचा पेरा घटत गेल्याने उरलेल्या मोजक्या शेतांवर थव्यांचा भार अधिक पडतो. म्हणून आडतीवर अशी तक्रार घेऊन आलेल्या शेतकऱ्याला पक्षिप्रेमाचा उपदेश करण्यापेक्षा राखणीच्या मजुरीसाठी त्याला वेळेवर उचल द्यावी. स्वतःची शेती असणाऱ्यांनी बांधावरचा पळस व वड राखावा. पक्ष्याचे देणे सर्वांचे आहे; ते एकाच खात्यातून वसूल होऊ नये.