उपकरण त्यांचं, मग चाचणी वर्गमित्रावर का?

इंजिनीअरिंग कॉलेजच्या प्रोजेक्ट प्रदर्शनात अंधांसाठीची ‘स्मार्ट काठी’ हमखास दिसते. तिची चाचणी कित्येकदा वर्गमित्राच्या डोळ्यांवर पट्टी बांधून होते. पण बोलता येत नाही, हात हलत नाहीत आणि थकवाही लवकर येतो, अशा माणसासाठी उपकरण बनवायचं असेल तर पट्टी कुठे बांधणार?

हॉकिंग यांचं काय झालं?

स्टीफन हॉकिंग यांच्यासाठी ‘इंटेल’ने नवी संवाद यंत्रणा बनवली, तेव्हा डोळ्यांच्या हालचालीवर चालणारं तंत्र आधी आजमावलं गेलं. पापण्या झुकत असल्याने ते जमलं नाही. शेवटी गालाचा स्नायू टिपणारा जुनाच सेन्सर राहिला आणि सुधारणा झाली ती सॉफ्टवेअरमध्ये. हॉकिंग स्वतः वापरून पाहत, नको ते नाकारत. यंत्राचा जुना आवाजही त्यांनी बदलू दिला नाही. तो त्यांना आपला वाटत होता. तज्ज्ञांना हे कागदावर सुचलं असतं?

अर्थात, हॉकिंग यांच्या नकाराला वजन होतं. २०११च्या जनगणनेनुसार देशात २.६८ कोटी दिव्यांग आहेत आणि त्यात सुमारे २१ लाख बहुदिव्यांग. त्यांच्यातल्या कितींना कुणी विचारतं?

विचारलं तरी उत्तर बहुधा आई-वडील देतात. त्यांचा अनुभव मोलाचाच. पण चाळिशीच्या माणसाच्या संवाद अ‍ॅपमध्ये कार्टून आणि ‘पाणी’, ‘भूक’, ‘शू’ एवढंच असेल, तर ‘कंटाळा आलाय’, ‘तुम्ही जरा गप्प बसा’ हे त्याने कसं म्हणायचं? शिवी द्यायची असेल तर? ते बटण आई सुचवणार नाही.

दिव्यांगांच्या हक्कांच्या संयुक्त राष्ट्रांच्या कराराला भारताने २००७ मध्ये मान्यता दिली. त्यांच्याशी संबंधित धोरणं ठरवताना त्यांच्याशी सल्लामसलत करणं त्यानुसार सरकारला बंधनकारक आहे. स्टार्टअपच्या डिझाइन टीमला मात्र तसं थेट बंधन नाही.

वेळ लागतो, ही अडचण खरी आहे. पापणी मिटून ‘हो’ सांगणाऱ्याची मुलाखत अर्ध्या तासात उरकत नाही, आणि घाई केली की तो सगळ्यालाच ‘हो’ म्हणून मोकळा होतो. त्यामुळे चार बैठका जास्त धराव्या लागतील. डिझायनरला पगार आणि चाचणी देणाऱ्याला प्रमाणपत्र व फोटो, हा हिशेबही बदलायला हवा. सरकारी अनुदान मागणाऱ्या प्रत्येक प्रकल्पाच्या बजेटमध्ये या माणसांच्या तासांचे पैसे पहिल्या आराखड्यापासून दिसले पाहिजेत.