आवृत्ती बदलण्याचा मुहूर्त

आमच्या गावात बाजारपेठेच्या तोंडाशी एक फोटो स्टुडिओ आहे. ज्या गृहस्थांनी माझ्या मुंजीचे फोटो काढले, त्यांचाच मुलगा आता तो चालवितो, आणि त्याचाही मुलगा हाताशी आलेला असून नवा कॅमेरा गळ्यात अडकवून लग्नकार्यांतून हिंडू लागला आहे. गेल्या आश्विनात एके सायंकाळी दुकानाच्या पायरीवर मला थांबवून तो म्हणाला, "काका, पोरगा म्हणतोय नवीन फोटोशॉप घेऊ या. आत्ताच घेऊ, की एवढी सराई जाऊ दे?" त्याने ‘घेऊ की नको’ असे विचारले नव्हते, ‘केव्हा घेऊ’ असे विचारले होते, आणि ज्या प्रश्नाला जाणकार मंडळी नव्या आवृत्तीच्या गुणांची जंत्री वाचून दाखवून उत्तर देतात, त्या प्रश्नाचे उत्तर पंचांगात आणि जमाखर्चाच्या वहीत शोधावयाचे असते, हे त्या व्यवहारी माणसाला कोणी न शिकविता ठाऊक होते.

त्याच्या यंत्रावर फोटोशॉपची सातवी आवृत्ती आहे. ती २००२ साली निघाली, आणि एवढ्या वर्षांनंतरही तालुक्याच्या ठिकाणच्या कित्येक दुकानांतून ती ‘सेव्हन पॉइंट झिरो’ या नावाने घरच्या माणसासारखी वावरत असते. मिशिगन विद्यापीठात संशोधन करणारा टॉमस नोल आणि चित्रपटांतील दृश्यचमत्कृतींच्या कारखान्यात काम करणारा त्याचा भाऊ जॉन यांनी रचलेले हे सॉफ्टवेअर ॲडोबीने १९९० च्या फेब्रुवारीत बाजारात आणले, त्या वेळी त्यात चित्राचे थर एकावर एक सुटे ठेवणारे लेयरदेखील नव्हते. ते १९९४ च्या तिसऱ्या आवृत्तीत आले. केलेली चूक एकाहून अधिक पावले मागे जाऊन सुधारण्याची सोय १९९८ च्या पाचवीत आली, आणि चेहऱ्यावरचा डाग भोवतालच्या कांतीला धक्का न लावता पुसणारा हीलिंग ब्रश सातवीत आला. एवढे झाल्यावर गावच्या छायाचित्रकाराची नित्याची गरज भागली. शाळकरी मुलगा स्टुलावर बसतो, त्याची मान किंचित उजवीकडे वळवून फोटो काढला जातो, मागचा पडदा कट करून पांढरा केला जातो, ३५ गुणिले ४५ मिलिमीटरचे आठ ठोकळे चार बाय सहाच्या एका कागदावर बसविले जातात, आणि कटरखालून निघालेल्या त्या आठ प्रती दुकानाचे नाव छापलेल्या इवल्याशा पाकिटात जाऊन पडतात. साऱ्या खटाटोपाला दहा मिनिटे लागतात, आणि त्यातील एकाही कृतीला २००२ नंतरच्या कोणत्याही शोधाची गरज पडत नाही.

तरीही ‘जुने ते सोने’ म्हणून या प्रश्नाची बोळवण करता येत नाही, कारण मधल्या काळात बदलाचा निर्णय कोणी करावयाचा ही गोष्टच बदलून गेली आहे. २०१३ च्या मे महिन्यात ॲडोबीने जाहीर केले की, यापुढे नवी आवृत्ती कायमची विकत मिळणार नाही. वर्गणी भरावयाची, आणि भरीत असाल तोवर वापरावयाचे. आदल्या वर्षी निघालेली ‘सीएस सिक्स’ ही विकत मिळणारी अखेरची आवृत्ती ठरली. आपल्याकडच्या जुन्या महसुली दप्तरांत रयतेचे मिरासदार आणि उपरी असे दोन वर्ग आढळतात: सारा भरीत असेतो ज्याला जमिनीवरून हलविता येत नसे आणि ज्याची वहिवाट पिढीजात चाले तो मिरासदार, आणि ठरल्या मुदतीपुरती जमीन कसून मुदत संपताच ज्याचा तिच्याशी संबंध संपे तो उपरी. छायाचित्रे सुधारणारी समस्त जनता त्या वर्षी मिरासदाराची उपरी झाली. (खरे म्हणजे आधीही आपण विकत घेत होतो तो वापराचा परवानाच, परंतु परवान्याला मुदत नसली म्हणजे माणसाला त्यात मालकीचा भास होतो, आणि त्या भासावर तो सुखाने आयुष्य काढू शकतो.)

या खंडाचा दर जुलमी होता असे मात्र मी म्हणणार नाही, कारण हिशेब तसा सांगत नाही. सीएस सिक्सची अमेरिकेतील किंमत ६९९ डॉलर होती आणि आधीच्या आवृत्तीवरून तीवर येण्यास १९९ डॉलर पडत. छायाचित्रकारांसाठीच्या वर्गणीचा आरंभीचा दर महिना ९.९९ डॉलर, म्हणजे सालीना १२० च्या आत. नवी आवृत्ती दीड-दोन वर्षांनी निघे, तेव्हा जो प्रत्येक आवृत्ती इमानेइतबारे घेत असे त्याचे यात नुकसान झाले नाही, उलट लाइटरूम हे ॲडोबीचेच छायाचित्रे लावण्या-सुधारण्याचे दुसरे सॉफ्टवेअर त्याच वर्गणीत पदरात पडल्यामुळे त्याचा थोडा फायदाच झाला. बुडाला तो दोन-तीन आवृत्त्या गाळून पुढची घेणारा काटकसरी माणूस, ज्याला थांबण्याचा हक्क हीच सवलत होती. वर्गणी थांबविली की लाइटरूममधील आपली छायाचित्रे पाहता येतात, बाहेर काढता येतात, परंतु ज्या विभागात त्यांच्यावर संस्कार करावयाचे तो बंद होतो. वाड्यात शिरण्याची मुभा आहे पण स्वयंपाकघराला कुलूप आहे, अशी ती अवस्था. आता एवढे लिहून झाल्यावर प्रामाणिकपणे हेही नमूद केले पाहिजे की, आपल्याकडे सातव्या आवृत्तीच्या ज्या असंख्य प्रती नांदत आल्या, त्यांतील बहुतेकांच्या पोटी पावती कधी फाटलीच नाही, आणि जी वस्तू विकतच घेतली नाही तिच्या मालकीहक्काच्या नाशाबद्दल आपण गळा काढणे जरासे शोभत नाही.

माझे मत असे की, आवृत्ती बदलावी ती स्वतःच्या कामात अडचण उत्पन्न झाल्यावर. दुसऱ्याने जाहिरातीतून दाखवून दिलेल्या अडचणीसाठी बदलू नये. आमच्या स्टुडिओवाल्यापुढे दोन अडचणी होत्या, आणि दोन्ही खऱ्या होत्या.

पहिली मुलाच्या कॅमेऱ्याची. कॅमेऱ्यातून निघणारी ‘रॉ’ फाइल ही न धुतलेल्या निगेटिव्हसारखी असते आणि प्रत्येक नव्या मॉडेलची तिची घडण निराळी असते, त्यामुळे सॉफ्टवेअरला त्या मॉडेलची ओळख नसेल तर फाइल उघडतच नाही. सीएस सिक्सलादेखील २०१५ नंतरच्या कॅमेऱ्यांची ओळख करून देणे बंद झाले. तथापि येथेही घाई करण्याचे कारण नव्हते. २००४ साली निघालेल्या ‘डीएनजी’ नावाच्या सामायिक स्वरूपात अशी फाइल फुकट रूपांतरित करून देणारे साधन ॲडोबीच पुरविते, आणि ते स्वरूप सीएस सिक्ससारख्या जुन्या आवृत्तीलाही पचते. सातवीला मात्र हा उपायही लागू पडेना. मॅक वापरणाऱ्यांवर २०१९ साली याहून कठीण प्रसंग आला, कारण त्या वर्षीच्या ‘कॅटलिना’ प्रणालीने ३२ बिटांची सारी जुनी सॉफ्टवेअर एका फटक्यात निकामी केली. संगणकाची प्रणाली बदलण्याआधी आपल्या हत्यारांची मोजदाद करावी हे कित्येकांना त्या दिवशी उमगले.

दुसरी अडचण आपल्या लिपीची, आणि तिच्याविषयी इंग्रजी पुस्तकांतून कोणी चकार शब्द काढीत नाही. रोमन अक्षरे रांगेत उभी केली की शब्द होतो. देवनागरीत उच्चाराने मागाहून येणारी ऱ्हस्व वेलांटी दिसावयास अक्षराच्या आधी यावी लागते, अर्धे अक्षर पुढच्याला बिलगावे लागते, रफाराला उडी मारून पुढच्याच्या डोक्यावर बसावे लागते. जुन्या आवृत्त्यांना यातले काही कळत नसे. मुलाने हौसेने मोबाइलवरचा युनिकोड मजकूर उचलून अल्बमच्या पहिल्या पानावर आणून टाकला, तर ‘चि.’मधली वेलांटी ‘च’च्या पाठीमागे जाऊन उभी राहिली, आणि ‘स्वप्निल’ हे नाव पाय मोडलेल्या अक्षरांची रांग होऊन पसरले. नवरदेवाचे नाव असे छापून दिले असते तर वधूपक्षाने अल्बम परत केला असता. सबब आमच्याकडच्या स्टुडिओंनी आणि फ्लेक्सवाल्यांनी वर्षानुवर्षे श्रीलिपी, आकृती यांसारख्या जुन्या फाँटांवर काम चालविले, ज्यांत देवनागरी अक्षरांचे तुकडे रोमन अक्षरांच्या जागी बसविलेले असतात. दिसावयास अक्षर सुरेख. पण तीच फाइल फाँट नसलेल्या दुसऱ्या यंत्रावर नेऊन मजकुराला हात लावला की वधूवरांच्या जागी एक्स, वाय आणि उद्गारचिन्हे उमटतात. वर्गणीच्या काळातील आवृत्त्यांत दक्षिण आशियाई लिपींची मांडणी करणारी सोय आली आणि योग्य पर्याय निवडल्यास ‘स्वप्निल’ आता नीट उभा राहतो. माझ्या लेखी नव्या आवृत्तीच्या बाजूने एवढा एक मुद्दा इतर साऱ्या मुद्द्यांना पुरून उरणारा आहे. पण पेटीत निजलेल्या वीस वर्षांच्या जुन्या फाइलींचा तो काहीच बंदोबस्त करीत नाही.

अडचण खरी ठरली म्हणजे मुहूर्त निवडणे आले, आणि मुहूर्त चुकल्याचे फळ मी स्वतः चाखले आहे. एका ग्रंथालयाच्या स्मरणिकेसाठी शंभर-सव्वाशे जुनी छायाचित्रे स्कॅन करून, त्यांचा उजेड-अंधार चार महिने जुळवून मी तयार केली होती. छापखान्यात द्यावयाच्या आदल्या रात्री सॉफ्टवेअरने (त्याचे नाव येथे सांगत नाही, कारण अपराध माझा होता) नवी आवृत्ती आल्याची वर्दी दिली, मी ती घेतली, आणि ‘प्रकाशगणनेची नवी पद्धत सर्व छायाचित्रांना लावावयाची काय’ या प्रश्नाला, पाहुण्याने पुढे केलेल्या पानसुपारीला हात लावावा तितक्या सहजतेने ‘होय’ म्हटले. सकाळी पाहतो तो संस्थापक मंडळींच्या मागची काळीभोर भिंत राखी झालेली, पगड्यांच्या घड्या उजळून निघालेल्या, आणि माझ्या मते ज्या एका चेहऱ्यावर साऱ्या संस्थेचा करारीपणा गोळा झाला होता तो चेहरा पीठ लावल्यासारखा पांढरा. सगळी सूची नव्या स्वरूपात गेलेली, जुनी आवृत्ती ती उघडेना, आणि माझी राखीव प्रत आठ दिवसांची शिळी. छापखान्याच्या फोरमनने तीन दिवसांची सवड दिली. त्या तीन रात्री मी आठ दिवसांचे काम पुन्हा केले.

२०२३ च्या मे महिन्यापासून फोटोशॉपमध्ये चार शब्द लिहून चित्राचा हवा तो भाग नव्याने उत्पन्न करविण्याची सोय आली आहे, आणि हल्ली नवी आवृत्ती घेण्याचे कारण विचारले तर दहांतील नऊ जण तिच्याकडे बोट दाखवितात. जाहिरातीच्या फलकाला ती जरूर वापरावी. परंतु कोणाच्या आजोबांच्या फाटलेल्या फोटोतला गेलेला कान तिने भरून दिला तर तो कान आजोबांचा नसून कोणाचा तरी असतो, एवढे गिऱ्हाइकाला आधी सांगावे. ज्याला वर्गणी झेपत नाही त्याने ‘गिम्प’ पाहावे: दोघा विद्यार्थ्यांनी बर्कली येथे सुरू केलेले हे फुकट सॉफ्टवेअर १९९६ पासून लोकांच्या हाती आहे, आणि त्याची २.१० ही आवृत्ती २०१८ साली आल्यावर ३.० ला २०२५ उजाडले. जवळजवळ सात वर्षे मोठी नवी आवृत्ती निघाली नाही म्हणून कोणाचे काम अडून राहिल्याचे माझ्या ऐकिवात नाही.

तेव्हा मी त्या स्टुडिओवाल्याला म्हटले, "सराई जाऊ दे. आषाढीनंतर बघ." फोटोशॉपची नवी वार्षिक आवृत्ती अलीकडे बहुधा सप्टेंबर ते नोव्हेंबर या काळात जाहीर होते, म्हणजे नेमकी दिवाळीच्या ऑर्डरी आणि तुळशीच्या लग्नामागून सुरू होणारी लगीनघाई यांच्या तोंडावर. ॲडोबीच्या कॅलिफोर्नियातल्या मंडळींनी आपले पंचांग पाहून तारीख ठरवावी अशी अपेक्षा करता येत नाही, पण त्यांची तारीख आपण पाळलीच पाहिजे असाही काही दंडक नाही. चातुर्मासात मुहूर्त नसतात, स्टुडिओत दुपारी माशा वारीत बसण्याची पाळी येते, आणि नवे यंत्र जुन्याच्या शेजारी मांडून महिनाभर दोन्हींवर तेच काम करून पाहण्यास त्याहून चांगला काळ नाही.

या आषाढात त्याने तसे केले. नव्या यंत्रावर मुलगा बसतो. जुने नेटपासून तोडून कोपऱ्यातल्या टेबलावर ठेवले असून त्यावर जुन्या चादरीचे आवरण घातले आहे, आणि वडिलांच्या निगेटिव्हचे बिस्किटांचे डबे त्याच टेबलाखाली आहेत. मागच्या आठवड्यात एक बाई आल्या. २००६ साली त्यांचे लग्न याच स्टुडिओने केले होते, अल्बम पुराच्या पाण्यात गेला होता, आणि आईच्या वर्षश्राद्धासाठी आईचा फोटो हवा होता. मालकाने कपाटातून नावाची पट्टी लावलेली सीडी काढली आणि मुलाकडे दिली. मुलाने नवे यंत्र पुढून-मागून न्याहाळले, पण सीडी घालण्याची जागा त्याला होती कोठे! बापाने काही न बोलता कोपऱ्यातल्या यंत्रावरची चादर बाजूला सारली.