घरोघरी जीर्णोद्धार

शारदीय नवरात्राची सांगता जवळ आली. उद्या खंडेनवमी, परवा विजयादशमी. शिरूर आणि दौंड या दोन्ही तालुक्यांतील घराघरांतून विळा, कात्री, सुई, पक्कड, पाना यांना गंधपुष्प वाहिले जाईल. शस्त्रांबरोबर नित्याच्या अवजारांनाही देव मानणारा हा कुलाचार थोर होय. परंतु ज्या हातांनी फूल वाहावयाचे, त्या हातांना ते अवजार चालविता येते काय, एवढाच प्रश्न आम्ही श्रद्धावान कुटुंबांपुढे ठेवू इच्छितो.

नवरात्रापूर्वी घर लखलखीत झाले. पण त्या केराबरोबर कडी निघालेली बादली, शिवण उसवलेली पिशवी, अंगठा तुटलेली चप्पल हेही बाहेर गेले. घटकाभराच्या श्रमाने त्या वस्तू पुन्हा कामास आल्या असत्या. नदीकाठी टाकलेले तेथेच राहते, असे कोणी समजू नये. घोडनदी भीमेस मिळते. दौंडच्या काठाने वाहणारी तीच भीमा पंढरपुरी चंद्रभागा म्हणविते. आपला केर आपण कोणाच्या चरणी धाडीत आहो, याचा विचार वारकऱ्यांच्या या प्रांताने तरी करावयास नको काय?

जुने वापरणे हे दारिद्र्याचे लक्षण, अशी एक समजूत अलीकडे बळावली आहे. आपल्या धर्माची दृष्टी तशी नाही. जे जीर्ण झाले त्यास वर काढणे, तो जीर्णोद्धार. आणि ते पुण्यकर्म होय. भीमेपलीकडील सिद्धटेकाचे मंदिर अहिल्याबाई होळकरांनी बांधविले. काशीविश्वेश्वराचे मंदिरही त्यांनीच १७८० मध्ये पुन्हा उभे केले. त्या राजमातेस कोणी दरिद्री म्हणेल काय? देवालयास जो न्याय, तोच देव्हारा असलेल्या घरासही लागू आहे.

कीर्तनपरंपरेत तर याचा आदर्श डोळ्यांसमोर आहे. गाडगेबाबा (१८७६–१९५६) अंगावर चिंध्यांचे वस्त्र आणि हाती फुटके गाडगे घेऊन हिंडले. दिवसा खराट्याने गाव झाडावे, रात्री कीर्तनाने मने झाडावी, हा त्यांचा क्रम. जगाने टाकलेले त्यांनी मिरविले, आणि त्याच गाडग्याने त्यांना नाव दिले.

म्हणून आमची विनंती अशी. उद्या पूजेच्या पाटाजवळ घरातील एक मोडकी वस्तू ठेवावी. पूजा आटोपल्यावर वडीलधाऱ्यांनी मुलामुलींना जवळ बसवून ती नीट करावी. आजीने जुन्या लुगड्याच्या गोधडीचा टाका नातवासही शिकवावा. घरी न जमेल ते चांभार, सुतार, कल्हईवाला यांच्याकडे न्यावे. त्यांच्या विद्येस मोल दिले तरच ती टिकेल. घटाची माती शेतात अथवा परसात जावी, झेंडूच्या तोरणाचे खत व्हावे; प्लॅस्टिक, काच, पत्रा वेगळा काढून भंगारवाल्यास द्यावा. नदीस काहीच देऊ नये.

सीमोल्लंघन म्हणजे केवळ गावाची वेस ओलांडणे नव्हे. ‘मोडले की टाकले’ ही आळसाची वेस यंदा प्रत्येक कुटुंबाने ओलांडावी, आणि आपट्याच्या पानाबरोबर मुलांच्या हाती हे कौशल्यरूपी सोनेही द्यावे, हीच जगदंबेच्या चरणी प्रार्थना.